बर्फ कुणी आणायचा?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. खरं तर लिहायचं नव्हतंच. पण परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक जुना फोटो टाकला. पांढऱ्या गाड्या ओळीनं उभ्या, बॉनेटवर झेंडूचे हार, पुढारी मंडळी झेंडा दाखवताहेत. गाड्यांवर मोठ्या अक्षरांत 'फिरते पशुवैद्यकीय पथक' आणि नंबर, 1962. त्याखाली पुण्याच्या मामांची टिप्पणी: "आता जनावरांनापण घरपोच डॉक्टर! तरी शेतकरी रडणारच. आणि ते गावातले सरकारी डॉक्टर तर काय, नुसते पगार खातात."

ग्रुपवर मामांशी भांडायचं नाही असं मी आईला कबूल केलंय. म्हणून इथे भांडतो.

गाड्यांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. केंद्राच्या योजनेत एक लाख जनावरांमागे एक गाडी असं गणित आहे. गाडीत एक डॉक्टर, एक मदतनीस, एक ड्रायव्हर. ज्या वस्तीपासून दवाखाना लांब आहे तिथे अशी गाडी आली तर कुणाला नकोय? पण एक लाख म्हणजे किती, ते बघा. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सगळी मिळून सव्वातीन कोटींच्या वर जनावरं मोजली गेली. आणि 1976 सालीच राष्ट्रीय कृषी आयोगानं सांगून ठेवलं होतं की साधारण 5,000 गुरांमागे एक पशुवैद्यकीय दवाखाना हवा. म्हणजे गाडी ही दवाखान्याला जोड म्हणून ठीक आहे, दवाखान्याच्या बदली नाही. आणि त्या दवाखान्यात डॉक्टर सोडून आणखी काय काय लागतं, हे फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. 2024 च्या भाद्रपदात कळलं.

महालक्ष्म्यांना (पुणेकरांनो, तुमच्याकडे गौरी म्हणतात) मी गावी गेलो होतो. गाव माजलगाव तालुक्यात, सिंदफणेच्या अंगाला. त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला मराठवाड्यात धो धो पाऊस झाला होता, सगळीकडे चिखल आणि दमट हवा. आवाहनाच्या दिवशी संध्याकाळी काकांच्या लाल कंधारी गाईनं वैरण सोडली. दुसऱ्या वेताची गाय, खाली चार महिन्यांचं वासरू. रात्रीपर्यंत अंग तापलं, गळ्याखाली सूज आली, श्वासाला घरघर लागली. सकाळी डॉक्टर आले, स्वतःच्या मोटरसायकलवर, चौदा किलोमीटरवरून. इंजेक्शनं दिली. संध्याकाळी न बोलावता परत आले. तिसऱ्या दिवशी पहाटे, घरात विसर्जनाची तयारी चाललेली असताना, गाय गेली.

डॉक्टरांना घटसर्पाचा संशय होता. काका म्हणाले, "घटसर्पाची लस तर मृगाच्या तोंडाला टोचली होती की हो. तुम्हीच टोचली."

टोचली होती. रजिस्टरला नोंद होती, ॲपवर होती, कानातल्या बिल्ल्याच्या बारा आकड्यांसमोर होती.

आता इथं खरा प्रश्न सुरू होतो. घटसर्पाची लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये सांभाळावी लागते. तापली तर बिघडते, गोठली तरी बिघडते. आणि बिघडलेली लस दिसायला चांगल्या लशीसारखीच असते. टोचताना जनावर तेवढंच उसळतं, आणि रजिस्टरमध्ये आकडाही तेवढाच चढतो. म्हणजे शक्यता तीन. एक तर आजार घटसर्प नव्हताच, दुसरंच काही होतं. किंवा घटसर्प होता आणि लस वाटेत कुठेतरी बिघडली होती. किंवा लस चांगली होती पण या एका गाईत तिनं धरलं नाही, कारण शंभर टक्के संरक्षण कुठलीच लस देत नाही. तिन्हींत काय झालं हे कळणं का महत्त्वाचं? कारण त्याच दिवशी, त्याच बाटल्यांतून आमच्या आळीतली सगळी जनावरं टोचली होती. दुसरी शक्यता खरी असेल तर सगळी आळी उघड्यावर होती! शेजारच्या दोन म्हशींनी त्याच दिवशी चारा कमी केला होता, आणि घटसर्प म्हशींना गाईंपेक्षा जास्त झोडपतो.

तर शवविच्छेदन करायचं ठरलं. डॉक्टर एकटे. मेलेली गाय एकट्या माणसाला पलटीही करता येत नाही, कापायचं तर दूरच. परिचर नाही. शेवटी माझा चुलतभाऊ, गल्लीतली दोन पोरं आणि मी, आम्ही पाय धरले. (आत्या, तुला हे सांगितलं नव्हतं. सोवळ्याचा दिवस होता, म्हणून.) डॉक्टरांनी हृदयातलं रक्त घेतलं, बाटलीत भरलं आणि उभे राहून म्हणाले, "बर्फ आहे का कुठं?"

गावात बर्फ नव्हता. भाऊ मोटरसायकलवर माजलगावला गेला आणि मासळीवाल्याकडून बर्फ घेऊन आला. धरणाच्या माशांचा बर्फ. ठेवायचा कशात? दवाखान्याचा डबा होता, पण झाकण बसत नव्हतं. मग घरातला चहाचा थर्मास बाहेर निघाला. महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दिवशी, मासळीचा बर्फ, त्यात मेलेल्या गाईचं रक्त! काकूंनी तो थर्मास नंतर घरात घेतला नाही, आणि मी काकूंना दोष देत नाही.

पुढे पाठवायचा कसा? नमुना नेणारा माणूस नाही, गाडी नाही, त्यासाठी पैशाचं खातं नाही. भावानं बसस्टँडवर ओळखीपाळखीनं सोय लावली. गुरुवारी संध्याकाळी निघालेला थर्मास शुक्रवारी ऑफिस सुटताना पोचला. मग शनिवार, रविवार आणि सणांच्या सुट्ट्या. एकोणीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: नमुना तपासणीयोग्य नाही.

आता मला सांगा, यात नालायक कोण? डॉक्टर? ते तर दोनदा आले होते. प्रयोगशाळेतला माणूस? त्याच्यापुढे कोमट पाण्यात तरंगणारी बाटली आली, त्यानं खरं तेच लिहिलं. शेजारच्या म्हशी औषधानं वाचल्या, हे नशीब. पण काका अजून विचारतात, "कशानं गेली, एवढं तरी कळाया पाहिजे का नाही?" पैशाचं ते बोलत नाहीत. दुसरी गाय दावणीला बांधायची का, बांधली तर कधी, हे त्यांना ठरवायचं असतं, आणि त्याला उत्तर लागतं.

दिवाळीत गेलो तेव्हा ते पत्र खिशात घालून दवाखान्यात गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोला. पण भांडायला डॉक्टर मोकळे सापडेनात, म्हणून बाकावर बसून राहिलो. सकाळी आठ ते बारा. आणि बसल्या बसल्या घड्याळ बघत गेलो, जुनी सवय.

डॉक्टरांनी स्वतः कुलूप उघडलं. स्वतः झाडलं. परिचर निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलेली नाही. पहिला बैल आला. जनावर अडकवायचा लोखंडी खोडा अंगणात होता, पण त्याची मागची आडवी पट्टी गंजून पडलेली, म्हणून बैल लिंबाच्या झाडाला बांधला. मालक शिंगं धरणार, डॉक्टर शेपटीमागं. लाथ बसली तर दोघांपैकी एकाला. मग केस पेपर. मग रजिस्टर. मग तेच सगळं मोबाइलवर, ॲपमध्ये. मोबाइलला रेंज फक्त कंपाउंडच्या भिंतीवर चढल्यावर, म्हणून चाळिशी उलटलेला, पशुवैद्यकीची पदवी घेतलेला माणूस दर अर्ध्या तासानं भिंतीवर चढून बिल्ल्यांचे आकडे टाकत होता. मध्ये तालुक्याहून फोन आला, कसलासा तक्ता बारा वाजायच्या आत पाठवा म्हणून. तो तक्ता आदल्या आठवड्यात एकदा पाठवलेला होता.

चार तासांत जनावरांना हात लागला तो सगळा मिळून सव्वा तास.

फ्रिज होता. चालूही होता. पण लाइट गेली की इन्व्हर्टरवर चालायला हवा, आणि इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली. बॅटरीसाठी केलेल्या अर्जांच्या तीन प्रती डॉक्टरांनी मला दाखवल्या, नीट फाइलला लावलेल्या. "लाइट किती वेळ गेली, आत किती तापलं, हे कुणी लिहितं का?" मी विचारलं. ते म्हणाले, "थर्मामीटर मीच माझा आणून ठेवलाय. बघतो मी. पण बघून काय करू? लस फेकून दिली तर आकडा कमी भरतो. तुम्ही लिहिता ना कुठंतरी? लिहा हे. नाव तेवढं नको."

नाव नाही लिहिलं, साहेब. गावही नाही.

मामांचा मुद्दा असा की सरकारी माणूस काम करत नाही. माझा मुद्दा नेमका उलटा आहे. हा माणूस पाच जणांचं काम करतो, आणि म्हणूनच त्याचं स्वतःचं काम तेवढं होत नाही. डॉक्टर घडवायला आपण कमी पडलेलो नाही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 चं, आमच्या शेजारी परभणीचं 1972 चं, शिवाय उदगीरला आहे. लशीही बनवतो. मामा, तुमच्या घरापासून रिक्षानं जाल एवढ्या अंतरावर, औंधला, राज्य सरकारचीच पशुजैव पदार्थ निर्मिती संस्था आहे, घटसर्पाचीसुद्धा लस तिथे तयार होते. पण लस बनवणं आणि ती थंडगार अवस्थेत आमच्या आळीत पोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दुसऱ्या गोष्टीला ना उद्घाटन, ना फीत. परिचराच्या नेमणुकीला, बॅटरीला, डब्याच्या झाकणाला हार कोण घालणार?

हेच रेतनाचं. रेताच्या कांड्या उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. नायट्रोजनची गाडी उशिरा आली, पातळी खाली गेली, की कांड्या गेल्याच. गाय उलटते. शेतकरी म्हणतो डॉक्टरचा हात चांगला नाही. आणि पुढचा माज यायला 21 दिवस. अशा दोन-तीन वेळा उलटल्या की दोन महिन्यांचं दूध बुडालं, वर वैरण चालूच.

कुणी म्हणेल, या बारीकसारीक गोष्टी आहेत. तर बुळकांडीचं उदाहरण घ्या. आजोबा सांगायचे, बुळकांडी आली की दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. त्या रोगाविरुद्ध भारतात 1954 पासून राष्ट्रीय मोहीम चालली, 2006 मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला आणि 2011 मध्ये साऱ्या जगातून हा रोग संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. लस तर 1960 च्या दशकातच चांगली तयार झाली होती. मग एवढी वर्षं का लागली? एक मोठी अडचण होती थंडाव्याची. आफ्रिकेत गुराख्यांच्या मागे मागे शेकडो मैल फ्रिज नेणार कसा? पुढे फ्रिजशिवाय महिनाभर टिकेल अशी लस निघाली, गुराख्यांमधल्याच माणसांना ती टोचायला शिकवलं, आणि जिथे सरकारी गाडी कधी पोचली नव्हती तिथून रोग हटला. म्हणजे बर्फाचा प्रश्न सुटला तेव्हा!

आमच्या जिल्ह्याची आणखी एक गंमत आहे (गंमत कसली...). धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर आणि थोडे आमच्याकडचेही, हजारो जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक. त्यातले गाडीवान बैलं घेऊन जातात. पाच-सहा महिने बैल कारखान्याच्या तळावर, दहा जिल्ह्यांतल्या बैलांच्या गर्दीत. लाळ्या-खुरकुताला याहून सोयीची जागा सांगा! 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात या रोगाची लस दर सहा महिन्यांनी फुकट टोचतात, चांगली गोष्ट आहे. पण लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. टोचणीची फेरी गावात पोचेपर्यंत बैल गेलेले, किंवा उद्या निघायचंय आणि आज टोचली. मुकादमाची उचल कधी वाटली जाते, गाड्या कधी सुटतात, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक असतं. मग टोचणीचं वेळापत्रक त्याच्या एक महिना आधी का नाही बसवता येत? याला ना गाडी लागत, ना ॲप. कॅलेंडर लागतं, आणि कारखान्याकडच्या दवाखान्याला एक फोन. तो बैल तिकडे आजारी पडला तर तिकडच्या डॉक्टरांच्या हिशेबात त्याच्यासाठी औषध आलेलं नसतं, कारण पशुगणनेत तो बीडचा.

हे होऊच शकत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. 2022 चा लम्पी आठवा. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरुवात झाली, सप्टेंबरमध्ये सारं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, बाजार बंद झाले. आणि मग याच यंत्रणेनं काही आठवड्यांत राज्यातल्या बहुतेक गोवंशाला लस टोचली. खासगी डॉक्टर घेतले, विद्यार्थी उतरवले, लस फुकट दिली. गाय दगावली तर 30 हजार, बैलाला 25, वासराला 16 हजार अशी मदतही ठरली. पैसे होते, माणसं होती, वर कुणीतरी रोज विचारत होतं. साथ ओसरली आणि विचारणारेही गेले. ती उसनी माणसं परत गेली, आणि रिकाम्या जागा होत्या तशाच राहिल्या.

मग काय विचारायचं? मी तर असं म्हणतो की लशी किती टोचल्या हा आकडा वर्षभर कुणी विचारूच नये. त्याऐवजी विचारा, फ्रिज या महिन्यात किती तास 8 अंशांच्या वर होता. नमुना निघाल्यापासून उत्तर यायला किती दिवस लागले, आणि किती नमुने वाटेतच वाया गेले. माणसांच्या लशींसाठी आपल्याच देशात हे केलंय. आरोग्य केंद्रात लाइट गेली तरी तासन्‌तास थंड राहणारे फ्रिज आहेत, त्यांचं तापमान दूरवरून दिसावं म्हणून 2015 पासून ई-विन नावाची व्यवस्था उभी केली. गुरांच्या दवाखान्यातला फ्रिज काय वेगळ्या विजेवर चालतो? आणि परिचर नेमा. एक माणूस, जो झाडेल, जनावर धरेल, दुपारच्या एसटीला नमुन्याचा डबा चढवेल. एका फिरत्या गाडीच्या खर्चात असे किती जण नेमता येतील, ते मामांनी सांगावं, त्यांची अख्खी नोकरी अकाउंट्समध्ये गेली.

खासगीकरण करा म्हणणाऱ्या मित्रांसाठी एकच. खासगी डॉक्टर माजलगावात आहेत, चांगलेही आहेत, आणि पैसे घेऊन रात्री येतातही. पण आळीतल्या साठ जनावरांची लस चांगली होती का, हे शोधायला कुठलं गिऱ्हाईक पैसे मोजणार?

असो. बरंच लांबलं. आता घरच्यांसाठी. काका, बिल्ल्यांचे नंबर वहीत उतरवून ठेवा, बिल्ला पडला की विम्याचा दावा अडकतो. भाऊ, दवाखान्याच्या खोड्याची पट्टी आपल्या वेल्डरकडून लावून घ्यायची का, ते डॉक्टरांना विचार. परवानगी लागते म्हणाले होते. आणि काकू, मी येताना दोन थर्मास आणतोय. लाल चहाचा, निळा दवाखान्याचा. अदलाबदल होणार नाही.